पत्ता गाण्यातच होता

नोव्हेंबरची २ तारीख आपल्या किनारपट्टीवर निराळ्या उजेडाची असते. वसईपासून गोव्यापर्यंतच्या ख्रिस्ती दफनभूमींत त्या दिवशी थडगी झाडूनपुसून स्वच्छ होतात, फुले वाहिली जातात आणि दिवेलागणीला ओळीने मेणबत्त्या लागतात. इकडे पितृपक्ष सरलेला असतो, काही वर्षी दिवाळीची चाहूल लागलेली असते, घरोघरी भाजणीचा वास दरवळत असतो. गेलेल्यांना आधी आठवायचे आणि मग नव्याचे दिवे लावायचे, हा क्रम आपल्याला कोणी समजावून सांगावा लागत नाही. याच तारखेला, १९६६ साली, अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात, ग्रेनाडा नावाच्या लहानशा शहरात एका वृद्ध गिटारवादकाने देह ठेवला. मिसिसिपी जॉन हर्ट हे त्यांचे नाव. यंदा त्याला ६० वर्षे होत आहेत. कोण कुठला सातासमुद्रापलीकडचा शेतमजूर, त्याची पुण्यतिथी आपण का आठवावी, असे कोणी विचारील. आठवावी, कारण या माणसाच्या आयुष्यात आवाज आणि माणूस यांची ३५ वर्षे ताटातूट झाली होती. आवाज जगभर फिरत होता आणि ज्याचा तो आवाज, तो माणूस आपल्याच गावात, आपल्याच घरी, गुरे राखत बसलेला होता.

त्यांची पुण्यतिथी पक्की आहे, जन्मतारीख मात्र नाही. कोणी १८९२ चा मार्च सांगतात, कोणी १८९३ चा जुलै. गुलामगिरी संपून तीसएक वर्षे झाली होती, पण मिसिसिपीतल्या काळ्या शेतमजुराच्या घरी मूल जन्मले तर त्याची नोंद धड ठेवण्याची निकड कुणाला वाटावी, असा तो काळ नव्हता. ज्याच्या येण्याची दखल कागदाने नीट घेतली नाही, त्याच्या जाण्याची बातमी मात्र वर्तमानपत्रांतून छापून आली. या दोन टोकांच्या मध्ये जे घडले, त्यात त्यांच्या बोटांचा वाटा मोठा, नशिबाचा थोडा आणि चार चिकाटीच्या पोरांचा बराच.

कॅरल काउंटीतले ॲव्हेलॉन हे त्यांचे गाव. गाव म्हणजे काय, तर कापसाची शेते, टेकडीच्या पायथ्याचे एक दुकान, आणि दूरदूर विखुरलेली लाकडी घरे. नवव्या वर्षाच्या सुमारास शाळा सुटली आणि गिटार हाती आली. त्यांच्या घरी एक वादक पाहुणा मुक्कामाला येई. तो झोपला की हे पोर गुपचूप त्याची गिटार उचलून वाजवू लागे. पुढे आईने दीड डॉलरला एक जुनी गिटार घेऊन दिली. दिवसभर दुसऱ्याच्या शेतात राबणाऱ्या बाईच्या हिशेबात दीड डॉलर किती मोठे असतील, याचा अंदाज आपल्याला करता येईल. गुरू नाही, तालीम नाही. गाणे कानी पडेल तसे वाजवायचे, इतकेच. आपण असे वाजवायला कसे शिकलो, हे कुणी विचारले तर हर्ट एवढेच म्हणत, की गिटार जशी वाजायला हवी असे मला वाटले, तशी मी वाजवली.

ती कशी वाजत असे, ते जरा जवळ जाऊन ऐकण्यासारखे आहे. उजव्या हाताचा अंगठा खालच्या सुरांच्या जाड तारांवर एकाआड एक पडतो, न थांबता, न घाई करता. त्याच्यावर पहिले आणि मधले बोट पातळ तारांतून चाल खुडून काढतात, आणि ही चाल अंगठ्याच्या ठोक्यावर बेतलेली नसते. ती कधी ठोक्याच्या किंचित आधी येते, कधी रेंगाळून मागून. नवख्या ऐकणाराला दोन गिटारी वाजत आहेत असे वाटते. गाताना ओळीच्या अखेरीस ते मध्येच शब्द सोडून देतात आणि राहिलेला शब्द तारेवर पुरा करतात, जणू गिटारीला घरचेच एक माणूस मानून तिलाही बोलू द्यावे. आवाज तर असा, की शेजारच्या खोलीत मूल झोपले आहे हे ध्यानात ठेवून गावे. मिसिसिपी डेल्टातल्या ब्लूज या काळ्या लोकांच्या गाण्याची जी ओळख जगाला आहे, चार्ली पॅटनचा खरखरीत गळा, सन हाउसचा आकांत, त्यातले इथे काही नाही. ॲव्हेलॉन हे गाव डेल्टाच्या सपाटीला लागून असलेल्या टेकड्यांच्या कडेला आहे. हर्ट यांचे गाणेही तसेच कडेचे आहे. त्यात ब्लूज आहे, चर्चमधली भजने आहेत, नाचाच्या चाली आहेत, आणि लोकांच्या तोंडी फिरणारी खुनांची गाणीही आहेत.

१९२८ साली ओके या तबकड्या काढणाऱ्या कंपनीचा माणूस टॉमी रॉकवेल या भागात आला तो एका गोऱ्या फिडलवादकाच्या मागावर. विली नारमोर त्याचे नाव. गोऱ्यांच्या नाचांना हर्ट कधीमधी त्याच्या साथीला असत. आणखी कोणी चांगला वादक आहे का, असे विचारल्यावर नारमोरने हर्ट यांचे नाव सांगितले. शाळा, चर्च, पाणवठा, सगळे वर्णावर वाटलेल्या त्या मुलखात एका गोऱ्या वादकाने काळ्या वादकाची शिफारस करावी, ही गोष्ट आपण वाचता वाचता ओलांडून जाऊ नये. मात्र तबकडी निघाली ती काळ्या गिऱ्हाइकांसाठी वेगळ्या ठेवलेल्या मालिकेत, आणि खप वाढावा म्हणून कंपनीने नावाआधी ‘मिसिसिपी’ जोडले. ते पुढे कायमचे चिकटले.

फेब्रुवारीत मेम्फिसला पहिले ध्वनिमुद्रण झाले. हर्ट यांनी त्याची आठवण पुढे सांगितली आहे. मोठाथोरला रिकामा दिवाणखाना, त्यात खुर्चीवर बसलेले ते, रॉकवेल आणि यंत्र सांभाळणारा असे तिघेच. मायक्रोफोन तोंडाशी आणून ठेवलेला, आणि एकदा जागा ठरली की मान तसूभरही हलवायची नाही अशी ताकीद. शेतातल्या नाचात, माणसांच्या गर्दीत, पायाने ठेका धरून गाणाऱ्या माणसाला पुतळ्यासारखे बसवून गायला लावले होते. भीतीने त्यांची मान अशी अवघडली, की पुढे कित्येक दिवस ती दुखत होती. आपण आज त्या तबकडीच्या दोन बाजू ऐकतो, ‘फ्रँकी’ ऐकताना तो अंगठा कसा मौजेत चालतो ते पाहतो, तेव्हा गाणाऱ्याची मान ताठलेली आहे याचा पत्ताही लागत नाही.

डिसेंबरात कंपनीने त्यांना न्यूयॉर्कला बोलावले. २१ डिसेंबरला काही गाणी झाली, उरलेली २८ ला. मिसिसिपीच्या शेतातून उठून आलेला माणूस ऐन नाताळात, ऐन थंडीत, त्या अजस्र शहरात होता. घरची ओढ लागली, आणि त्या ओढीतून एक गाणे झाले, ‘ॲव्हेलॉन ब्लूज’. आपले गाव ॲव्हेलॉन, ते सतत मनात घोळते आहे, एवढाच त्याचा साधा आशय. आपल्याकडे मुंबईच्या चाळींतून कोकणातल्या गावांवर जी गाणी झाली, त्यांच्या मुळाशी हीच कळ होती. पण इथे एक योगायोग दडलेला होता. घरच्या ओढीने माणसाने आपल्या गावाचे नाव गाण्यात घातले, आणि तोच पुढे त्याचा पत्ता ठरला.

तो पत्ता वाचायला मात्र कुणाला ३५ वर्षे सवड झाली नाही. १९२९ च्या अखेरीस बाजार कोसळला. त्याआधी अमेरिकेत वर्षाला दहा कोटींच्या घरात खपणाऱ्या तबकड्या १९३२ पर्यंत साठ लाखांच्या आसपास आल्या. ओकेने पुन्हा बोलावले नाही. हर्ट यांनी तक्रार केल्याचे कुठे दिसत नाही. शेत होते, संसार होता, शनिवार रात्रीचे नाच होते. मधल्या वर्षांत केव्हातरी गिटारही हातची गेली. अमेरिकेत ब्लूज विजेवर चढला, शिकागोला गेला, त्यातून रॉक अँड रोल निघाला, आणि ज्यांनी तो आधी बोटांवर खेळवला त्यांतला एक जण ॲव्हेलॉनला गुरांमागे फिरत राहिला.

१९५२ साली हॅरी स्मिथ या विक्षिप्त संग्राहकाने जुन्या तबकड्यांमधून निवडलेल्या ८४ गाण्यांचा मोठा संच फोकवेज कंपनीकडून प्रसिद्ध झाला. त्यात हर्ट यांची दोन गाणी होती, ‘फ्रँकी’ आणि ‘स्पाइक ड्रायव्हर ब्लूज’. दुसरे त्यांनी रेल्वेच्या गँगमध्ये काही महिने काम केले तेव्हा बरोबरच्या मजुराकडून उचललेले. जॉन हेन्री या घणवाल्याची कथा अमेरिकेत सगळ्यांना ठाऊक आहे: यंत्राशी पैज लावली, जिंकला, आणि मेला. त्यावरची बहुतेक गाणी त्या मरणाचा पोवाडा गातात. हर्ट यांच्या गाण्यातला मजूर मात्र वेगळा आहे. ज्या घणाने जॉन हेन्रीला मारले तो मला मारणार नाही, तो मुकादमाला नेऊन द्या आणि सांगा मी गेलो, अशा अर्थाचे तो गातो, आणि तेही आवाज न चढवता. शांतपणे काम टाकून चालू लागणाऱ्या माणसाचे एवढे ठाम गाणे दुसरे सापडणे कठीण. तरुण विद्यार्थ्यांनी ही दोन गाणी ऐकून ऐकून बोटांवर चढवण्याचा खटाटोप केला. गाणारा हयात असेल हे त्यांच्या मनातही नव्हते.

१९६३ च्या आरंभी ‘ॲव्हेलॉन ब्लूज’ची टेपवरची नक्कल वॉशिंग्टनच्या काही संग्राहकांच्या हाती पडली. गाण्यात गावाचे नाव आहे म्हटल्यावर टॉम हॉस्किन्स या तरुणाने नकाशे धुंडाळले. चालू नकाशांत ॲव्हेलॉन नव्हते. एकोणिसाव्या शतकातल्या एका जुन्या नकाशात ग्रीनवुड आणि ग्रेनाडा यांच्या मध्ये ते सापडले. पोरगा गाडी घेऊन निघाला. गावातल्या दुकानापाशी त्याने विचारले, जॉन हर्ट नावाच्या गाणाऱ्याबद्दल कुणाला काही माहीत आहे का? उत्तर तत्काळ मिळाले: या रस्त्याने वर जा, टेकडीवरची तिसरी टपालपेटी.

ही हकिगत सांगताना सगळे जण ‘शोध’ हा शब्द वापरतात. आपण तो जरा जपून वापरावा. ॲव्हेलॉनच्या दृष्टीने जॉन हर्ट कधी हरवलेच नव्हते. दुकानातल्या माणसांना ते तिसऱ्या टपालपेटीपाशी राहतात हे ठाऊक होते, टपालवाल्याला ठाऊक होते, ज्यांच्या गाई ते राखत त्यांना ठाऊक होते. हरवले असेलच कोणी, तर ते ऐकणारे.

आणि हर्ट यांना या पाहुण्याचे काय वाटले? ते घाबरले. सरकारी गुप्त पोलिसांपैकी कुणीतरी आपल्याला न्यायला आले आहे असे त्यांना वाटले. हा किस्सा हसून सांगितला जातो, हर्ट स्वतःही तो हसून सांगत. पण ते साल आणि तो मुलूख डोळ्यांपुढे आणला म्हणजे हसू ओठांवरच राहते. जवळच्याच मनी या गावात १९५५ साली एमेट टिल या १४ वर्षांच्या काळ्या मुलाला घरातून रात्री उचलून नेऊन ठार मारले होते. १९६३ च्या त्याच वसंतात ग्रीनवुडमध्ये काळ्या नागरिकांची मतदार नोंदणी करणाऱ्या तरुणांवर हल्ले चालू होते. जूनमध्ये जॅक्सन शहरात नागरी हक्कांसाठी लढणारे मेडगर एव्हर्स यांची त्यांच्याच घराच्या दारात हत्या झाली. अशा दिवसांत अनोळखी गोरा तरुण परगावच्या गाडीतून येऊन नाव विचारतो, तेव्हा सत्तरीच्या काळ्या माणसाला आपली कीर्ती दारी आली आहे असे वाटणे शक्यच नव्हते. हॉस्किन्सने आपली गिटार पुढे केली. सराव सुटलेली बोटे अडखळली, पण अंगठा चालू लागला आणि ओळख पटली.

पुढे जे घडले ते वेगाने घडले. वॉशिंग्टनला मुक्काम, जुलैमध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेससाठी ध्वनिमुद्रण, त्याच महिन्यात न्यूपोर्टचा लोकसंगीत महोत्सव. त्या मंचावर बॉब डिलन आणि जोन बाएझ यांच्या पिढीसमोर डोक्यावर हॅट घातलेला एक छोट्या चणीचा म्हातारा खुर्चीवर बसला आणि १९२८ मध्ये वाजवत होता तसेच, त्याच अंगठ्याने, वाजवू लागला. विशीतल्या मुलांना जे तबकडीच्या खरखरीतून कानांनी उकलायला लागले होते ते समोर दिसत होते. कॉफी हाउसे, विद्यापीठे, कार्नेगी हॉल, दूरदर्शनचा पडदा, सगळे तीन वर्षांत झाले. त्यांच्या ‘कॉफी ब्लूज’मधल्या दोन शब्दांवरून न्यूयॉर्कच्या पोरांनी आपल्या बँडचे नाव ‘लव्हिन स्पूनफुल’ ठेवले आणि तो बँड लोकप्रियतेत हर्ट यांच्या कितीतरी पुढे गेला.

या तीन वर्षांतली त्यांची वागणूक ज्यांनी पाहिली, ते सगळे त्यांच्या सौम्यपणाबद्दल बोलतात. आपल्याला ती सौम्यता गाण्यातही ऐकू येते, आणि अगदी अनपेक्षित ठिकाणी. ‘लुइस कॉलिन्स’ हे गाणे एका खुनाचे आहे. गोळ्या झाडल्या जातात, एक तरुण मरतो, आई रडते, त्याला मातीत ठेवतात. हर्ट हे असे गातात की परक्याला वाटावे अंगाईच आहे. त्यात संताप नाही, सुडाची भाषा नाही, उपदेशही नाही. मेलेल्याचे नाव मात्र पुन्हा पुन्हा, मायेने, उच्चारले जाते. शोकाची ही तऱ्हा आपल्या लोकपरंपरेलाही परकी नाही. मयताचे नाव घेऊन त्याचे गुण आळवणाऱ्या म्हाताऱ्या बायका आपल्या खेड्यांतून अजून अगदीच संपलेल्या नाहीत.

हर्ट यांच्यापाठोपाठ इतरांचा माग सुरू झाला. बुका व्हाइट यांच्या जुन्या गाण्यात ॲबरडीन या गावाचे नाव होते. जॉन फेही आणि एड डेन्सन या दोघांनी त्या गावच्या टपाल कचेरीत ‘बुका व्हाइट, जुने ब्लूज गायक’ एवढाच पत्ता घालून पत्र टाकले, आणि ते खरोखर पोचले. १९६४ मध्ये स्किप जेम्स एका इस्पितळात सापडले, सन हाउस दूर उत्तरेत रॉचेस्टरला. पण चार्ली पॅटन १९३४ मध्येच गेले होते आणि रॉबर्ट जॉन्सन १९३८ मध्ये, वयाच्या २७ व्या वर्षी. त्यांच्या दाराशी जाण्यासाठी उशीर होऊन गेला होता. आपल्या संगीतातही ही हुरहुर आहे. भास्करबुवा बखले १९२२ मध्ये गेले. त्यांच्या गायकीचे वर्णन आपण तीन पिढ्या शिष्यांच्या तोंडून ऐकतो, पण त्यांचा आवाज मात्र एकाही तबकडीवर नाही.

दाराशी जाणे हे मात्र अर्धेच काम असते, हेही हर्ट यांच्या गोष्टीत आहे. ज्यांनी त्यांना बाहेर आणले त्यांनी त्यांच्याशी करार केले. त्या करारांवरून, ध्वनिमुद्रणांच्या हक्कांवरून पुढे वाद झाले, ते कोर्टात गेले आणि हर्ट यांच्या मृत्यूनंतरही चालू राहिले. प्रेमाने दार ठोठावणाराही हिशेबाच्या वहीसकट आत येतो, आणि ती वही कुणाच्या नावाने लिहायची हा प्रश्न मग सुटता सुटत नाही. त्या पोरांचे ऋण आपल्यावर आहे हे खरे. तरी एका अर्धशिक्षित म्हाताऱ्यापुढे कायद्याच्या भाषेतला कागद ठेवताना त्याच्या बाजूने वाचणारे कोणी बसले होते का, हे विचारण्याचा हक्क आपण सोडू नये.

म्हणूनच पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांचे काम या संदर्भात आठवते. जात्यावरच्या ओव्या म्हणणाऱ्या बायांच्या दारांशी ते आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षे जात राहिले. एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या, आणि प्रत्येक ओवीला गाणारीचे नाव आणि गाव जोडलेले राहिले. पुढे हा ठेवा ‘पारी’कडे (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) आला, तेव्हा तिथली मंडळी त्या नावा-गावांच्या आधाराने पुन्हा त्याच दारांशी गेली. कुणी भेटल्या, कुणी गेलेल्या होत्या, कुणाच्या लेकी-सुनांनी पुढची ओवी म्हटली. आवाजाला पत्ता जोडलेला असला की परत जाता येते. आज आपल्या प्रत्येकाच्या खिशात ध्वनिमुद्रणाचे यंत्र आहे. आत्याबाईंची गौरीची गाणी, गावच्या भजनी मंडळातल्या आबांचा अभंग आपण टिपतो, पाठवतो, आणि तीन दिवसांत तो आवाज कुणाचा हे सांगणारे काहीच त्याच्याबरोबर उरत नाही. ॲव्हेलॉनच्या माणसाने निदान गावाचे नाव गाण्यात घालून ठेवले होते.

टेकडीवरचे त्यांचे तीन खोल्यांचे घर पुढे नातीच्या धडपडीतून संग्रहालय झाले. तिथे गिटारी घेऊन लोक जमत. २०२४ च्या फेब्रुवारीत ते घर आगीत जळून गेले. लाकूड ते, जळणारच, असे म्हणून मन घट्ट करता येते. तरी ज्या दाराशी जाण्याबद्दल एवढे लिहिले ते दारच आता नाही, हे कुठेतरी टोचते.

गाण्यांचे काय झाले, याचा हिशेब थोडा अधिक गुंतागुंतीचा आहे. १९२८ च्या फेब्रुवारीत मेम्फिसला त्यांनी ८ गाणी गायली, त्यांतली दोनच कंपनीने बाहेर काढली. उरलेली ६ कधी विकली गेली नाहीत आणि त्यांच्या मूळ ठशांचा पुढे माग लागला नाही. ‘केसी जोन्स’, ‘मंडे मॉर्निंग ब्लूज’, ‘स्लायडिंग डेल्टा’ ही नावे कंपनीच्या वहीत होती, एवढेच. गाणारा तोपर्यंत ॲव्हेलॉनला होता म्हणून १९६३ मध्ये ही तिन्ही पुन्हा गाऊन घेता आली. ३५ वर्षांनी गायलेले ‘मंडे मॉर्निंग ब्लूज’ १९२८ मधल्यासारखेच असेल असे नाही. गळा म्हाताऱ्याचा आहे, चाल थोडी सैलावली असावी, आणि या वेळी मान न हलवण्याची ताकीद द्यायला समोर कोणी नव्हते.